पटावरचा राजा आणि कोठारातील धान्य

बुद्धिबळाच्या पटाकडे आपण कधी घरखर्च चालविणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहिले आहे काय? दोन्ही बाजूंस सोळा सोळा मोहरी मांडलेली असतात. राजा आहे, वजीर आहे. उंट, घोडे, हत्ती आणि आठ प्यादी आहेत. लढाई दोन दोन, तीन तीन तास रंगते. परंतु ह्या हत्तींना चारा कोठून येतो, प्याद्यांचा पगार किती महिने थकला आहे, राजाच्या खजिन्यात शिल्लक किती आहे, हे प्रश्न कोणाच्या मनातही येत नाहीत. पटावरच्या चौसष्ट घरांत धान्याचे कोठार नाही, बाजारपेठ नाही आणि शेतकऱ्याचे घर तर नाहीच नाही.

गंमत अशी की, ज्या देशात चतुरंगाचा जन्म झाला त्याच देशात कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ही रचले गेले. कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. ह्या गणनेत जनपद म्हणजे प्रजेसह भूमी आणि कोश म्हणजे खजिना ही दोन्ही अंगे दंडाच्या, म्हणजे सैन्याच्या आधी येतात. आणि आधीच्या अंगावर आलेले संकट नंतरच्या अंगावरील संकटापेक्षा अधिक गंभीर, असे त्याचे मत आहे. चतुरंगातून घडलेल्या आजच्या बुद्धिबळाने ह्या सातांतून स्वामी, अमात्य आणि दंड तेवढे उचलले. किल्लेकोटाच्या चालीत दुर्गाची पुसटशी सावली राहिली. जनपद, कोश आणि मित्र ही तीन अंगे पटाबाहेरच राहिली.

म्हणून बुद्धिबळ सदोष ठरते काय? मुळीच नाही. इतके वगळल्यामुळेच तो खेळ शतकानुशतके देशोदेशी हिंडू शकला. परंतु एखादा खेळ जेव्हा ‘मी इतिहास दाखवितो’ असे म्हणत आपल्या घरात येतो, तेव्हा मात्र त्याने काय ठेवले आणि काय वगळले, हे तपासून पाहण्याचा अधिकार आपल्याला पोचतो. आज असे खेळ पुठ्ठ्याच्या पटावरही आहेत आणि संगणकाच्या पडद्यावरही आहेत. साम्राज्ये उभारणारे, राजधान्या वसविणारे, आरमारे बांधणारे हे डावपेचांचे खेळ आपली मुले आवडीने खेळतात. त्यांच्या मनात इतिहासाचे जे चित्र उमटते ते काही अंशी शाळेच्या पुस्तकातून आणि काही अंशी ह्या पटावरून येते. ह्या खेळांच्या रचनाकारांत आणि रसिकांत एक वाद फार दिवस चालू आहे. एक पक्ष म्हणतो, कर, कर्ज, बाजारभाव, मजुरी, रसद हे सारे खेळात आले पाहिजे. त्याविना इतिहास खोटा. दुसरा पक्ष म्हणतो, खेळ हा खेळ असावा, खतावणी नव्हे. वाचकहो, ह्या वादात आपण थोडे शिरून पाहू.

एका सोंगटीस एक केंद्र

सोपेपणाच्या पक्षाचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे ‘डिप्लोमसी’ हा खेळ. अमेरिकेतील ॲलन कॅलहॅमर ह्यांनी तो १९५४ च्या सुमारास रचला आणि १९५९ मध्ये तो बाजारात आला. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा युरोप हा त्याचा पट. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान अशा सात सत्ता. फासे मुळीच नाहीत. प्रत्येक खेळाडू आपली आज्ञा गुप्तपणे कागदावर लिहितो आणि मग सर्वांच्या आज्ञा एकाच वेळी उघडल्या जातात.

ह्या खेळाचे सारे अर्थशास्त्र एका ओळीत मावते : पटावर ३४ रसदकेंद्रे आहेत आणि जितकी केंद्रे आपल्या ताब्यात तितकीच सैन्ये व आरमारे आपल्याला पोसता येतात. केंद्र गेले की एक सोंगटी उचलून ठेवावी लागते. अठरा केंद्रे मिळविणारा जिंकतो. एवढ्या एका नियमाने ‘भूमीवाचून सैन्य नाही’ ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही कळते आणि खेळाडूचे सर्व लक्ष करारमदार, विश्वास आणि विश्वासघात ह्यांकडे राहते. ह्या खेळाला तेच दाखवायचे आहे.

परंतु त्याच नियमाने काय झाकले जाते तेही पाहावे. जिंकून घेतलेले बेल्जियम पुढच्याच हिशेबाला स्वतःच्या प्रांताइतकेच सैन्य पोसू लागते. तेथील उद्ध्वस्त कारखाने, ओस पडलेली शेते, परक्या सत्तेविषयीचा लोकांचा रोष ह्यांचा मागमूस नाही. प्रत्यक्ष महायुद्धात ब्रिटनच्या आरमाराने जर्मनीची सागरी कोंडी केली, १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन कुटुंबांना सलगमाच्या कंदांवर दिवस काढावे लागले, आणि युद्धाचा शेवट घडवून आणण्यात ह्या उपासमारीचा वाटा होता. ‘डिप्लोमसी’च्या पटावर ही उपासमार कोठेच उमटू शकत नाही. तरीही त्या खेळावर आपण लबाडीचा आरोप करीत नाही. कारण तो स्वतःला अर्थव्यवस्थेचा खेळ म्हणवीत नाही.

पन्नास मापे आणि जन्मभराची चाकरी

संगणकावरील ‘एज ऑफ एम्पायर्स’ ह्या खेळमालिकेचा दुसरा भाग १९९९ मध्ये निघाला आणि भारतातही फार लोकप्रिय झाला. २०२२ मध्ये निघालेल्या त्याच्या एका पुरवणीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशा नव्या फळ्या आल्या. त्यात अन्न, लाकूड, सोने आणि दगड अशा चारच वस्तूंवर राज्य चालते. पन्नास मापे अन्न दिले की एक कामकरी तयार होतो. तो शेत नांगरतो, झाडे तोडतो, खाणीत उतरतो. आणि विशेष हे की, त्यानंतर तो जन्मभर एक घासही मागत नाही. सैनिकाचेही तेच. एकदा किंमत मोजली की पगार नाही, शिधा नाही, कुटुंब नाही.

प्रथमदर्शनी हे हास्यास्पद वाटते. पण ह्या खेळाचा एक डाव सुमारे तासाभरात संपतो आणि त्याचा खरा प्रश्न एवढाच असतो की, असलेले हात कोणत्या कामाला लावावेत? आज शेतावर दहा माणसे घातली तर लाकूड कमी पडते. लाकूड कमी पडले तर नवे शेत होत नाही. एकीकडे हात वाढविले की दुसरीकडे ते कमी पडतात, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातली आहे, आणि ती येथे कोणत्याही व्याख्यानावाचून शिकविली जाते. त्यात एक बाजारही आहे. सगळ्यांनी लाकूड विकावयास काढले की त्याचा भाव उतरत जातो. पुरवठा आणि भाव ह्यांचे नाते मुलाच्या बोटांना कळते.

धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तासन्‌तास हा खेळ खेळणाऱ्या मुलाला नकळत असे वाटू लागते की, इतिहासातील रयत ही राजाच्या इशाऱ्याची वाट पाहत उभी असे; तिला भूक नसे, देणे नसे आणि स्वतःचे मतही नसे. खेळाने हे विधान शब्दांत केलेले नसते. ते त्याच्या नियमांत दडलेले असते, आणि म्हणूनच ते पाहून घ्यावे लागते.

पंधराशे तासांचा डाव

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. अमेरिकेतील रिचर्ड बर्ग ह्यांनी रचलेला ‘द कँपेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा खेळ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेची मोहीम हा त्याचा विषय. ती मोहीम खरोखरच रसदेची लढाई होती. वाळवंटात पिकत काही नव्हते. पाणी, पेट्रोल, दारूगोळा, सारे समुद्रावरून आणि मग शेकडो मैलांच्या एकाच रस्त्याने न्यावे लागे. रोमेलच्या रणगाड्यांची धाव कितीदा तरी शत्रूमुळे नव्हे, तर पेट्रोल संपल्यामुळे थांबली. म्हणून ह्या खेळात पेट्रोलचा आणि पाण्याचा बारकाईने हिशेब ठेवावा लागतो. उन्हाने पेट्रोल उडून जाते तेही दर पाळीला वजा करावयाचे. इटालियन सैनिकांना पास्ता शिजविण्यासाठी जादा पाणी द्यावयाचे, असाही एक नियम त्यात आहे. तो पुढे विनोदाचा विषय झाला.

खेळण्यास दहा माणसे लागतात : पाच पाचांचे दोन गट. प्रत्येक गटात एक जण सरसेनापती, एक आघाडीचा, एक पिछाडीचा, एक विमानदळाचा आणि एक केवळ रसदेचा अधिकारी. संपूर्ण मोहिमेस सुमारे पंधराशे तास लागतील, असा अंदाज सांगितला जातो. दर रविवारी तीन तास ह्या मंडळींनी एकत्र बसावयाचे ठरविले, तर पाचशे रविवार, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्ष मोहीम मात्र जून १९४० मध्ये सुरू होऊन मे १९४३ मध्ये, तीन वर्षांच्या आतच संपली होती!

हा खेळ म्हणजे केवळ वेडेपणा, असे मात्र म्हणता येणार नाही. रसदेच्या अधिकाऱ्याचे काम किती कंटाळवाणे, किती बारीक आणि तरीही किती निर्णायक असते, ह्याचा अनुभव देणारी दुसरी युक्ती क्वचितच सापडेल. परंतु अनुभव आणि आकलन ह्यांत अंतर आहे. हजार नोंदी केल्यावर खेळाडूच्या हाती जो निर्णय उरतो तो बहुधा एकच असतो : आणखी पुढे जावे की पेट्रोल येईपर्यंत थांबावे? हाच निर्णय ‘पाठीमागच्या तळापर्यंत रस्ता मोकळा नसेल तर सोंगटी हलणार नाही’ अशा एका नियमानेही खेळाडूपुढे येऊ शकतो, आणि अनेक युद्धखेळांनी तेवढ्यावरच भागविले आहे.

पंचाचा निवाडा

हा पेच काही आजचा नाही. प्रशियाच्या सैन्यात लेफ्टनंट रायस्विट्स ह्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीग्सश्पील’ म्हणजे युद्धखेळ ह्या नावाने एक पद्धतशीर खेळ सादर केला. त्याच्या वडिलांनी १८१२ मध्ये राजापुढे मांडलेल्या खेळाचे हे सुधारलेले रूप होते. खरे नकाशे, अंतराची मोजमापे, फासे, आणि गोळीबारात किती माणसे पडली हे सांगणारे तक्ते, असा त्याचा थाट होता. मधे एक पंच बसे. तक्ते पाहता पाहता त्या पंचाची दमछाक होई आणि खेळ रेंगाळे. अखेरीस १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ ह्या सेनाधिकाऱ्याने तक्ते आणि फासे बाजूला ठेवण्याचा पुरस्कार केला. युद्ध पाहिलेल्या अनुभवी पंचाने परिस्थिती ऐकून निवाडा द्यावा, असे त्याचे म्हणणे. खेळ लगेच वेगवान झाला. परंतु आता सारी भिस्त पंचाच्या शहाणपणावर आली. पंच चांगला तर खेळ चांगला.

ह्या जुन्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. वास्तवता नियमांत घालावी की माणसाच्या समजुतीवर सोडावी, असा हा प्रश्न आहे. संगणकाने त्यावर एक तिसरा मार्ग काढला : तक्ते कितीही वाढवा, हिशेब यंत्र करील. मग काय झाले?

कापसाचा भाव आणि दूरचे युद्ध

स्वीडनमधील पॅरडॉक्स ह्या संस्थेने ‘व्हिक्टोरिया’ नावाची खेळमालिका काढली. तिचा तिसरा भाग २०२२ मध्ये निघाला. १८३६ ते १९३६ ह्या शंभर वर्षांचा तो खेळ आहे. त्यात लोकसंख्येचे गट आहेत : शेतकरी, मजूर, कारागीर, कारकून, भांडवलदार. प्रत्येक गटाला अन्न, वस्त्र, जळण ह्यांची गरज आहे. कापसापासून कापड, कापडापासून कपडे अशा साखळ्या आहेत. मागणी वाढली की भाव चढतो, पुरवठा वाढला की उतरतो. मूळ किमतीच्या पाऊणपट वर किंवा पाऊणपट खाली इतकी त्याची झेप जाते. धान्य महागले की गरिबांचे राहणीमान घसरते आणि असंतोष वाढतो. हा सर्व गुणाकार-भागाकार यंत्र करते.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. हजारो मैलांवर मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव भडकला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथून गाठोडी मुंबईकडे धावू लागली. शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीच्या भागांवर लोकांनी घरेदारे लावली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि ते भाग कवडीमोल झाले. दख्खनच्या शेतकऱ्याने तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडावयाचे राहिले. त्यात सारावाढीची भर पडली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि तो वणवा गावोगाव पसरला. त्याच्या चौकशीतून पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

व्हर्जिनियातील तोफा आणि सुप्यातील कर्जखते ह्यांच्यामधला हा धागा ‘एक केंद्र, एक सोंगटी’ अशा नियमाने दाखविता येत नाही. तेथे बाजार लागतो, भाव लागतो आणि कर्ज लागते. म्हणजे आर्थिक वास्तवतेचा पक्ष येथे खरा ठरतो : काही ऐतिहासिक सत्ये अशी असतात की, हिशेबावाचून ती दिसतच नाहीत.

मात्र यंत्र हिशेब करू लागले की एक नवीनच अडचण उभी राहते. भाव का चढला हे खेळाडूला कळेनासे होते. त्याला फक्त लाल आणि हिरवे आकडे दिसतात. ‘डिप्लोमसी’तला खेळाडू आपले केंद्र का गेले हे बोटाने दाखवू शकतो, शंभर वस्तूंच्या बाजारातला खेळाडू पुष्कळदा ते सांगू शकत नाही. कारण न समजता मिळालेले यश आणि कारण न समजता आलेले दिवाळे ही दोन्ही सारखीच निष्फळ होत.

चांदी कोणीकडे वाहिली?

ह्याच संस्थेच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ ह्या मालिकेचा चौथा भाग २०१३ मधला. १४४४ ते १८२१ हा त्याचा काळ. त्यात एक सुंदर नियम आहे. सोन्याची खाण हाती आली की उत्पन्न वाढते, पण त्याबरोबर महागाईही वाढत जाते आणि पुढे प्रत्येक गोष्ट अधिक दराने घ्यावी लागते. सोळाव्या शतकातील स्पेनचा इतिहास जणू ह्या एका नियमात उतरला आहे. अमेरिकेतील खाणींतून चांदीचे गलबतामागून गलबत येत असताना युरोपात भाव चढत गेले आणि स्पेनच्या राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये आपली देणी थकविली. अर्थशास्त्रातील एक अवघड तत्त्व येथे एका रेषेत सांगितले आहे.

त्याच खेळाचा व्यापाराचा नियम मात्र आपण भारतीय वाचकांनी जपून तपासावा असा आहे. जगातील व्यापार ठरावीक नाक्यांवरून वाहतो आणि प्रत्येक प्रवाहाची दिशा पक्की असते. हा ओघ शेवटी जेथे मुरतो ती नाकी तीनच : इंग्लिश खाडी, जिनोआ आणि व्हेनिस. भारतातील सत्तेने कितीही आरमार बांधले तरी युरोपचा ओघ आपल्या बंदराकडे वळविणे तिला शक्य नाही. दिशा ठरलेली असली की हिशेब वर्तुळात अडकत नाही. रचनाकाराची ही सोय आपण समजू शकतो. पण इतिहास काय सांगतो? सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपच्या मालाला येथे फारसे गिऱ्हाईक नव्हते. आमचे सुती कापड, नीळ आणि मिरी घेण्यासाठी युरोपीय व्यापाऱ्यांना चांदी मोजावी लागे. सुरतेच्या बंदरात उतरलेली ती चांदी टांकसाळीत जाऊन तिचे रुपये पडत. माल तिकडे जात होता हे खरे, पण धन इकडे येत होते. हा ओघ उलटला तो राजकीय घटनेने : १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, आणि तेथला महसूलच माल खरेदी करण्यास वापरता येऊ लागल्यावर बाहेरून चांदी आणण्याची गरज कमी झाली.

म्हणजे जी गोष्ट सत्तेने घडविली ती ह्या खेळात जणू निसर्गाने घडविल्यासारखी दिसते. नियम गुंतागुंतीचा आहे, नाकी शेकड्यावारी मोजता येत नसली तरी पुष्कळ आहेत, आकडे तर असंख्य आहेत. तरीही मुख्य गोष्टीत तो चुकतो. पुष्कळ तपशील म्हणजे पुष्कळ सत्य, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

कंपनी आणि घराणी

ह्याच्या उलट, कोल वर्ली ह्यांचा ‘जॉन कंपनी’ हा २०१७ मधील पटावरचा खेळ पाहा. त्यात आपण राजा नसतो, सेनापती नसतो. आपण इंग्लंडमधील एका घराण्याचे हित पाहत असतो. आपले पुतणे-भाचे कंपनीच्या मुंबई, मद्रास, बंगाल अशा इलाख्यांत चिकटवावयाचे, पदे मिळवावयाची, पैसा गाठीला बांधावयाचा आणि वेळीच निवृत्त होऊन मायदेशी मोठी वास्तू घ्यावयाची, असे त्याचे उद्दिष्ट. कंपनी कर्जात बुडाली तरी एखादे घराणे जिंकू शकते.

ह्या खेळात धान्याचे भाव नाहीत, मजुरीचे तक्ते नाहीत. पण ‘एवढी मोठी कंपनी स्वतःच तोट्यात असताना तिचे नोकर नबाब होऊन घरी कसे परतत?’ ह्या खऱ्या ऐतिहासिक कोड्याचे उत्तर खेळाडू आपल्याच हव्यासातून शोधून काढतो. भारतीय माणूस ह्या पटावर जवळजवळ दिसत नाही, आणि ते न दिसणे हाच त्या दूरच्या दिवाणखान्यातील कारभाराचा गुन्हा होता, हे जाणत्या माणसाने शेजारी बसून सांगावे लागते. १७६९-७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला असताना महसुलाची वसुली चालूच होती, ही गोष्ट त्या पटासोबत मुलांना अवश्य सांगावी.

पानिपतचा पट मांडायचा तर

आता आपण स्वतःच रचनाकार होऊन पाहू. समजा, पानिपतच्या मोहिमेवर खेळ करावयाचा आहे. मार्च १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दक्षिणेतून निघाले. ऑगस्टात दिल्ली हाती आली. पण खजिना नव्हता, आणि सैन्याच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे नाणे पाडावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुऱ्याचा धान्यसाठा मिळाला. परंतु अब्दालीने यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली. नोव्हेंबरापासून मराठ्यांची छावणी पानिपतावर अडकून पडली. दुआबातून रसद अडविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. लढवय्यांबरोबर बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले असा प्रचंड समुदाय होता. उपासमार असह्य झाल्यावर १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईला तोंड फुटले.

ह्या खेळात काय ठेवावे? चौथ म्हणजे चौथाई आणि सरदेशमुखी म्हणजे दशांश, त्यांची वसुली, सावकारांची हुंडी, सरदारांचे सरंजाम, घोड्यांच्या किमती, नाण्यांचे बट्टे, असे सर्व घालावयाचे म्हटले तर पेशवे दप्तरच टेबलावर आणावे लागेल. काहीच न घालावे, तर बुद्धिबळासारखा सामना होईल आणि ‘भाऊंनी आणखी थोडे थांबायला हवे होते’ असे कोणीही सहज म्हणू शकेल. माझ्या मते येथे एकच वस्तू पुरे : दाणा. दर पाळीला प्रत्येक पथकाने दाण्याची एक सोंगटी खावी. आणि न लढणाऱ्या समुदायानेही तितकीच खावी. दाणा दोनच वाटांनी यावा : दिल्लीची वाट आणि दुआब. वाट तुटली की प्रथम घोडी कमी व्हावीत, मग माणसे. एवढ्यावर खेळाडूला कळून येईल की, थांबणे ही फुकटची गोष्ट नव्हती. थांबण्याला रोज किंमत पडत होती. भाऊ त्या दिवशी का लढले, ह्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर त्याला स्वतःच्या रिकाम्या कोठारात मिळेल.

ह्यावरून कसोटी सापडते ती अशी. एखादा तपशील खेळात घ्यावा की नाही, हे तो खरा आहे की नाही यावर ठरत नाही. खऱ्या गोष्टी अगणित आहेत. तो घेतल्याने खेळाडूचा निर्णय बदलतो काय, आणि त्या काळच्या माणसाचाही निर्णय त्यानेच बदलला होता काय, हे पाहावे. दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर तो तपशील कितीही रुक्ष असला तरी घ्यावा. नसतील तर कितीही रंजक असला तरी सोडावा. पास्त्याचे पाणी सोडता येते; पानिपतचा दाणा सोडता येत नाही.

घरात तीन प्रश्न

आपल्या घरी असा एखादा खेळ आला, तर तो मुलांपासून हिरावून घेण्याचे कारण नाही. आणि ‘त्यातून इतिहास शिकतात’ म्हणून निर्धास्त राहण्याचेही नाही. डाव आटोपल्यावर जेवणाच्या वेळी तीन प्रश्न सहज विचारावेत. पहिला : ह्या खेळात तू कोणाच्या जागी बसला होतास, आणि कोणाच्या जागी बसताच येत नव्हते? दुसरा : तुझ्या विजयाचा खर्च कोणी दिला, आणि तो पटावर दिसला काय? तिसरा : एखादा नियम काढून टाकला असता, तर तू वेगळा खेळला असतास काय? ह्या प्रश्नांची उत्तरे चुकली तरी हरकत नाही. प्रश्न सुचू लागले म्हणजे नियमांमागे कोणाचे तरी मत असते, हे मुलाला उमगू लागते. आणि ती दृष्टी पुढे वर्तमानपत्र वाचताना व अंदाजपत्रक पाहतानाही उपयोगी पडते.

शेवटी एक घरगुती प्रयोग सुचवितो. येत्या रविवारी बुद्धिबळ मांडाल तेव्हा दोन्ही खेळाडूंपुढे साठ साठ चणे ठेवा. राजा किंवा प्यादे हलविण्यास एक चणा, घोडा किंवा उंट हलविण्यास दोन, हत्तीस तीन, वजिरास चार. आपले प्यादे पाचव्या रांगेत पोचले की पाच चणे परत मिळावेत; ते आपले जनपद समजा. चणे संपले की राजा आणि प्यादी तेवढी फुकट चालतील. बाकीची मोहरी उपाशी उभी राहतील, मारणार नाहीत की शहही देणार नाहीत.

पहिल्याच डावात दिसेल की, वजीर घेऊन पटभर धावणारा खेळाडू मध्यावरच कंगाल होतो आणि आजवर दुर्लक्षित राहिलेले प्यादे एकाएकी मोलाचे होते. दोनचार डावांनंतर मुले आणखी नियम सुचवू लागतील : चणे उसने मिळावेत, उसन्यावर व्याज असावे, हत्ती मेला तर त्याचे चणे जिंकणाऱ्याला मिळावेत. त्यांना सुचवू द्या. मग एक एक नियम खेळून पाहा, आणि कोणता ठेवावा व कोणता काढावा ह्याचा निवाडा त्यांनाच करू द्या. कोठाराला किती जागा द्यावी आणि राजाला किती, ह्या जुन्या वादातला हा त्यांचा स्वतःचा भाग होईल. चणे मात्र थोडे जास्तच आणून ठेवा. डाव चालू असताना खजिन्याला गळती लागते, हा अनुभवही प्रत्येक घरात येईलच.